खडीसाखर खाण्यात धरत नाहीत

"सिस्टर, ते परत आलं."

जयश्री वजनकाट्यावर उभी होती आणि भिंतीकडे बघून बोलत होती. बाहेरच्या बाकावर तिची सासू बसली होती. आमच्या उपकेंद्राचा पडदा पातळ आहे. त्यामुळे अशा गोष्टी बायका काट्यावर उभ्या राहूनच सांगतात. काटा खडखडतो, तेवढ्यात बोलून घ्यायचं.

"कधीपासून?"

"गोळ्या संपल्या, चार-पाच दिवस बरं होतं. मंग परत तेच. खाज येते, लघवीला आग होते, झोप नाय लागत." आणि मग नेहमीचा प्रश्न. "बाळाला काय होणार नाय ना?"

तिला सातवा महिना होता. पहिलं बाळ जन्मताच गेलं होतं. त्यामुळे पाय दुखले, पाठ दुखली, काहीही झालं तरी तिची तक्रार याच प्रश्नावर संपायची.

मी आरोग्य सेविका आहे. शहापूर तालुक्यात शेणव्याच्या पुढे, डोंगराकडच्या पाड्यांवर माझं काम. नोकरीची बरीच वर्षं याच भागात गेली. सगळं क्रमाने लिहून काढायची मला सवय आहे. वाण्याची यादीसुद्धा मी त्याच्या दुकानातल्या फळ्यांच्या क्रमाने करते. घरचे हसतात, पण सामान विसरत नाही.

जयश्रीला काय झालंय याबद्दल मला शंका नव्हती. तो बुरशीचा संसर्ग होता. इंग्रजीत यीस्ट इन्फेक्शन म्हणतात. ही बुरशी बाहेरून कुठून तरी येते असं लोकांना वाटतं. तसं नसतं. बहुतेक बायकांच्या अंगात ती थोडीफार असतेच, आणि अंगातले चांगले जंतू तिला आवरून धरतात. गरोदरपणात, अँटिबायोटिक घेतल्यावर किंवा रक्तात साखर वाढल्यावर ती माजते. मग फाटलेल्या दुधासारखं पांढरं जातं, खाज सुटते, आग होते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि नवऱ्याने किंवा बायकोने काही वाकडं केलंय असाही अर्थ होत नाही. हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण या एका गैरसमजापायी बायका महिनोन् महिने सोसतात.

गरोदरपणात पोटातून घ्यायच्या गोळ्या आम्ही यासाठी देत नाही. रात्री झोपताना आत ठेवायची गोळी असते. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमनी तिला तसे दोन कोर्स दिले होते. तिने ते नीट पुरे केले होते. तरी त्रास परत आला होता.

एकदा परत येणं समजण्यासारखं आहे. पुन्हा पुन्हा यायला लागलं की औषध बाजूला ठेवून कारण शोधायचं. मी माझा क्रम लावला. कपडे? सुती, आणि पावसाळा असला तरी चुलीच्या उबेला खडखडीत वाळवते. अँटिबायोटिक? नाही. साबण, डेटॉल असलं काही आत लावलं? नाही. राहिलं खाणं.

"काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते सांग. काही सोडायचं नाही."

"सकाळी चहा आन् भाकरी. दुपारी भात, डाळ, करटुल्याची भाजी. संध्याकाळी चहा. रात्री भात आन् सुकट."

"चहात साखर?"

"एक चमचा."

"बिस्किट, वडापाव, कोल्ड्रिंक?"

"नाय ओ. इकडं कुठं मिळतंय."

भात जास्त होता, पण आमच्याकडे सगळेच भात खातात. ताटात गोड काही नव्हतं. मी लिहून घेतलं आणि तिचं कार्ड पाहिलं. साखरेची दुसरी तपासणी राहिली होती.

गरोदर बाईची साखर आम्ही दोनदा तपासतो. एकदा नाव नोंदवताना आणि एकदा सहाव्या महिन्याच्या सुमारास. ज्या बाईला एरवी साखरेचा काही त्रास नाही, तिचीसुद्धा साखर पोटात बाळ वाढताना चढू शकते. बाळंत झाल्यावर बहुतेकींची उतरते. तपासणी सोपी आहे. ग्लुकोज पावडर पाण्यात घालून प्यायची, दोन तास बसायचं, बोटातून रक्ताचा थेंब द्यायचा. जयश्रीची पहिली तपासणी चांगली आली होती. दुसऱ्या वेळी तिने ते पाणी ओकून टाकलं. दुसऱ्या दिवशी परत बोलावलं, तर आवणी सुरू झाली. आवणी म्हणजे भाताची लावणी. त्या दिवसांत आमच्या पाड्यांवर दारं लावलेली असतात आणि माणसं चिखलात असतात. आमची आशाताई सुरेखा तिच्या घरी जाऊन परत आली होती.

"आजच करू," मी म्हटलं.

जयश्री काट्यावरून उतरली. "आत्यांना विचारते." सासूला ती आत्या म्हणते.

विचारायची गरज पडली नाही. हिराबाई पडदा सारून आत आल्या.

"काय गो, झालं का? टमटम सुटंल."

"हिराबाई, दोन तास थांबावं लागेल. साखर तपासायची आहे."

"मागं ओकली ती. पोटात पोर हाय तिच्या, आन् तुमी तिला ग्लासभर साखर पाजता. वर आमालाच सांगता गोड नको."

"एकदाच पाजतो, आणि तपासायला."

"तिला साखर व्हायला ती काय शेटाची बायको हाय? आवणीत वाकलेली पोर ती. आमच्यात कोणाला साखर नाय, तिच्यात पण नाय." मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "तिला उष्णता झालीय, सिस्टर. पोटुशी बाईला गरम पडतंच. माझं औषध चालू हाय."

"कसलं औषध?"

"घरचं. झाडपाल्याचं नाय, घाबरू नका."

बाहेर टमटमवाल्याने हॉर्न दिला. हिराबाईंनी सुनेचा दंड धरला, आणि दोघी गेल्या. जाताना जयश्रीने मागे वळून पाहिलं. मी सुरेखाला म्हटलं, "परवा यांच्या घरी."

हिराबाईंचं घर पाड्याच्या वरच्या अंगाला आहे. पुढे पडवी, मागे परसात अळू आणि पडवळाचा मांडव. मुलगा निलेश आटगावजवळच्या एका गोदामात कामाला जातो. आम्ही पोहोचलो तेव्हा तो घरी नव्हता. जयश्री पडवीत तांदूळ निवडत बसली होती. हिराबाई आतून पितळी पेला घेऊन आल्या आणि आमच्यासमोरच तिच्या हातात दिला.

पेल्यात फुगलेला सब्जा होता. तळाशी खडीसाखरेचे न विरघळलेले तुकडे.

"हे काय, हिराबाई?"

"हेच तर औषध. उष्णतेवर. माझी आय द्यायची, तिची आय द्यायची."

"दिवसातून किती वेळा?"

"तहान लागंल तवा. साधं पाणी मी तिला देतच नाय." त्या अभिमानाने सांगत होत्या. "तहान पण लय लागते तिला. हंडा संपवंल एक दिवस."

"आणखी काय देता?"

"सकाळी उठल्यावर गुलकंद. झोपताना दूध, त्यात पण खडीसाखर. चहातली साखर गरम, म्हणून ती कमी केली. खडीसाखर थंड. निलेश कामावरून येताना आणतो."

सुरेखाने माझ्याकडे पाहिलं. मी जयश्रीकडे वळले. "हे मला का नाही सांगितलंस गं?"

"तुमी खाण्याचं विचारलं ना, सिस्टर." ती खरंच गोंधळली होती. "हे तर औषध."

ती खोटं बोलली नव्हती. आमच्याकडे खडीसाखर ही साखर नाहीच मुळी. साखर कारखान्यातून येते, गरम पडते, खोकला करते. खडीसाखर देवाच्या प्रसादाला असते, गळ्याला चालते, उष्णता काढते. गुलकंद औषधाच्या दुकानातसुद्धा मिळतो. मग तो खाण्यात कसा धरायचा?

आता सगळं नीट जुळत होतं. रक्तात साखर वाढली की तहान वाढते. तहान लागली की जयश्रीला मिळायचं खडीसाखरेचं पाणी. त्याने साखर आणखी चढायची. साखर चढली की बुरशीला आयतं अन्न. खाज वाढली की हिराबाई म्हणणार उष्णता वाढली, आणि पेल्यात आणखी एक खडा पडणार. हे माझं अनुमान होतं. रक्त तपासल्याशिवाय मी ते कोणाला सांगणार नव्हते.

"हिराबाई, हे पाणी थांबवा आणि तिला तपासणीला पाठवा."

हिराबाई पडवीच्या खांबाला टेकून बसल्या. त्यांचा चेहरा बदलला.

"पहिल्या टायमाला रीतीनं माहेरी धाडली. मुरबाडकडं. धाडली तवा चांगली होती. तिकडं काय खायला घातलं देव जाणे. पोर रिकाम्या हातानं परत आली. त्यांनी उपाशी ठेवली म्हणून माझा नातू गेला. ह्या टायमाला मी नाय धाडली. मीच खायला घालणार. आन् तुमी सांगता बंद करा?"

जयश्री खाली मान घालून तांदूळ निवडत होती. तिची बोटं थांबली.

वाटेत सुरेखाने सांगितलं की दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. पोरीची आई फोन करते तो निलेशच्या मोबाईलवर, तो कामावर असताना. मग तो रात्री बायकोला निरोप सांगतो. आईचं नाव विमल.

पहिल्या बाळंतपणाची नोंद माझ्याकडे होती, पण एका ओळीची. मुरबाडला नेताना वाटेत जीपमध्ये प्रसूती, बाळ मृत. कारणाच्या जागी उशीर झाला असं लिहिलेलं. मी निलेशकडून नंबर घेतला आणि रस्त्यावर जिथे रेंज मिळते तिथे उभी राहून फोन लावला. मी कोण ते सांगितल्यावर विमलबाईंचा पहिला प्रश्न होता, "माझी पोर बरी हाय ना?"

"बरी आहे. मला पहिल्या वेळचं विचारायचंय. बाळ केवढं होतं?"

विमलबाईंचा आवाज खाली आला.

"मोठं होतं ओ. दोन महिन्यांचं असावं तसं. डोकं आलं, आन् खांदे अडकले. जीपवाला बिचारा काय करंल, मी काय करणार? मी टोपडं शिवलं होतं. डोक्यात जाईना. मंग तसंच गुंडाळलं."

"वजन?"

"वजन कोण करणार जीपमधी?" मग त्या एकदम घाईने बोलायला लागल्या. "सिस्टर, आमी तिला उपाशी नाय ठेवली ओ. घरात दुभती गाय होती. मागंल ते दिलं. ती विहीण लोकांत सांगत फिरते. मी काय बोलू?"

"विमलबाई, तेव्हा तिला तहान फार लागायची का?"

"माठ संपवायची."

"आणि खाज? आतल्या जागेला?"

"तुमाला कसं कळलं?"

मी सांगितलं की अजून काही कळलेलं नाही, तपासणी झाली की फोन करीन.

इथे थोडं थांबून समजावते. आईच्या रक्तातली साखर नाळेतून बाळाकडे जाते. जास्त साखर गेली की बाळ प्रमाणाबाहेर वाढतं. बघणाऱ्याला ते गुटगुटीत दिसतं, पण बाहेर येताना अडकू शकतं आणि त्याच्या जिवाला धोका असतो. आई उपाशी असेल तर बाळ बहुधा लहान होतं. विमलबाईंनी सांगितलं ते बाळ उपाशी आईचं नव्हतं.

मी डॉक्टर मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "उद्याच टेस्ट करा. आली नाही तर मी गाडी पाठवते." मॅडम तरुण आहेत, पण बोलतात कमी. मला बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत पडवीत उभी होते. या वेळी मी आडवळणाने बोलले नाही.

"हिराबाई, ते पहिलं बाळ खूप मोठं होतं. उपाशी पोटाचं बाळ एवढं मोठं होत नाही. साखर वाढलेली असेल तर होतं. या वेळीही तसंच असेल, तर आता समजायला हवं."

"मोठं होतं हे कोणी सांगितलं?" त्या उभ्या राहिल्या. "तुमी विहिणीला फोन केला? मंग तिकडंच जा ना तपासायला. तिचीच साखर तपासा. गोड बोलायला ती पहिल्यापासून हुशार."

मी काही बोलणार तेवढ्यात आतून जयश्री आली. साडी बदललेली, खांद्याला पिशवी.

"आत्या, मी जाते."

"गप बस गो."

"नाय. मागं सगळे सांगत होते, आराम कर. मी आराम केला. कोणाला काय विचारलं नाय. ते गेलं." ती रडत नव्हती. हळू, एकेक शब्द ठेवत बोलत होती. "आता मला बघायचंय रक्तात काय हाय ते. तुमी येणार तर या."

आम्ही उतारावर आलो तेव्हा मागून हिराबाईंच्या चपला वाजल्या.

ग्लुकोजचं पाणी जयश्री घोट घोट प्यायली. हिराबाई शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, ओकू नये म्हणून. दोन तास दोघी त्याच बाकावर बसून होत्या. मी मध्ये लसीकरणाचं सामान लावलं, दोन ड्रेसिंग केली. मग जयश्रीचं बोट टोचलं.

साखर मर्यादेच्या बरीच वर होती.

मी आकडा सांगितला, अर्थ सांगितला. जयश्रीने डोळे मिटले. हिराबाई मीटरच्या त्या काळ्या आकड्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नाही. पण त्यांनी तो पुरता न्याहाळला, आणि मग मला विचारलं, "मंग आता हिला खायला काय घालू?"

त्याच दिवशी डॉक्टर मॅडमनी तिला पाहिलं. बुरशीसाठी पुन्हा आत ठेवायच्या गोळ्या, या वेळी जास्त दिवसांच्या. साखरेसाठी आधी आहार आणि चालणं, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी, नाही उतरली तर औषध. तालुक्याच्या रुग्णालयात सोनोग्राफी. बाळंतपण तिथेच, आणि आधी तारीख ठरवून. जीपचा प्रश्नच ठेवायचा नाही.

मला वाटलं, अवघड भाग संपला. तो पुढेच होता.

आठवड्याने जयश्री आली ती पांढरीफटक. वजन वाढायच्या ऐवजी घटलं होतं. हिराबाईंनी खडीसाखर थांबवली होती. शिवाय भात, भाकरी, दूध, शेंगदाणे, केळं, सगळंच थांबवलं होतं. सकाळ-संध्याकाळ पातळ पेज आणि उकडलेला पाला.

"तुमीच बोलल्या ना, खाण्यानं झालं," बरोबर आलेल्या हिराबाई म्हणाल्या.

"असं नाही बोलले मी. गोड बंद करा म्हटलं. जेवण नाही."

"मना काय माहीत कशात हाय आन् कशात नाय? खडीसाखर पण थंड होती ना माझी?"

बरोबर होतं. ज्या बाईला आयुष्यभर कळत होतं काय थंड आणि काय गरम, तिला मी एका सकाळी वेगळाच हिशोब दिला होता, तोही तोंडी. म्हणून मी त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसले. त्यांच्याच ताटात, त्यांच्याच वाटीने दाखवलं. भात एक वाटी, डोंगर नाही. त्याच्याबरोबर डाळ किंवा वाल, पालेभाजी भरपूर. सुकट, अंडं, मासळी चालेल. नाचणीची भाकरी चालेल, पण नाचणी आहे म्हणून तीन नाहीत. दूध बिनसाखरेचं. दोन मोठ्या जेवणांऐवजी थोडं थोडं चार-पाच वेळा. तहान लागली की साधं पाणी. जेवल्यावर पाड्याच्या वाटेने एक फेरी.

हिराबाईंनी वाटी हातात घेऊन फिरवली. "एवढ्यात दोन जीव भागतील?"

"भागतील. बाळाला दुसरं ताट लागत नाही. जे जाईल ते नीट जायला हवं."

"आन् सब्जा?"

"सब्जा घाला. खडा नको."

त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. "मंग तो कोण पिणार, सिस्टर? बेडकाची अंडी नुसती."

दोन आठवड्यांनी साखर उतरली, पण हवी तेवढी नाही. मॅडमनी गोळी सुरू केली. पुढे हळूहळू ती आटोक्यात आली. खाज त्या शेवटच्या कोर्सने गेली आणि परत आली नाही. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण हे वाचून कोणी नुसतं गोड सोडून बसेल. बुरशी मारली ती औषधाने. साखर आवरल्यामुळे ती परत आली नाही. निरोगी बाईने सणाला दोन करंज्या खाल्ल्या म्हणून बुरशी होत नाही. आणि करंज्या सोडल्या म्हणून झालेली बुरशी औषधावाचून जातही नाही. पण बुरशी पुन्हा पुन्हा येत असेल तर बाई गरोदर असो वा नसो, साखर तपासून घ्यायची.

सोनोग्राफीच्या दिवशी मी तालुक्याला मीटिंगला गेले होते. रुग्णालयात डोकावले. जयश्री आत होती. हिराबाई बाहेर, हातात तिची पिशवी. मला बघून त्यांनी बाकावर जागा केली.

"सिस्टर, एक विचारतंय. खरं सांगा."

"विचारा."

"पहिलं पोर ह्याच्यानंच गेलं का?"

असा प्रश्न आला की नोकरीत दोन सोपी उत्तरं असतात. "हो" म्हटलं की आपण हुशार ठरतो. "नाही हो" म्हटलं की समोरचा सुटतो. दोन्ही खोटी.

"माहीत नाही, हिराबाई. असू शकतं. तेव्हा कोणी तपासलं नव्हतं. आता कळायचा मार्ग नाही."

"पण विहिणीनं उपाशी नव्हती ठेवली."

"नाही. तेवढं मी सांगू शकते."

त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला.

"आन् हे गेलं असतं, तर मी घातलेल्या खड्यांनी गेलं असतं. तवा मी कोणाच्या नावानं बोंबलले असते?"

आतून 'जयश्रीबरोबर कोण आहे?' अशी हाक आली, तशा त्या उठल्या.

तारीख ठरली होती त्याप्रमाणे जयश्रीला भरती केलं. बाळ अंगाने मोठंच होतं, पण घाबरण्याइतकं नाही. सिझेरियन झालं. मुलगी. अशा बाळांची साखर जन्मल्यावर एकदम खाली येऊ शकते. तिचीही आली. म्हणून तिला एक दिवस बाळांच्या कक्षात ठेवलं, तिथेच दूध पाजलं. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचले तेव्हा नर्स मुलीला घेऊन वॉर्डात आली होती.

पलंगाच्या एका बाजूला हिराबाई उभ्या होत्या. दुसऱ्या बाजूला एक बारीक, उन्हाने रापलेली बाई, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. किन्हवलीवरून गाडी बदलत ती सकाळीच आली होती. निलेशने सांगितलं, फोन त्याने लावला, पण बोलली त्याची आई. काय बोलली ते त्याला ऐकू आलं नाही. ती मोबाईल घेऊन परसात गेली होती.

नर्सने विचारलं, "आजीकडे देऊ?"

दोघी एकदम पुढे झाल्या आणि दोघी थांबल्या. जयश्री पलंगावरून बघत होती. तिने कोणाचं नाव घेतलं नाही.

हिराबाई मागे सरल्या. "विहीणबाई, तुमी घ्या आधी."

विमलबाईंनी मुलीला घेतलं. तिच्या डोक्यावर रुग्णालयातलं लोकरी टोपडं होतं. विमलबाईंनी ते कानापर्यंत नीट ओढलं आणि हात तिथेच ठेवला. कितीतरी वेळ तो काढलाच नाही. हिराबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

मग त्याच वळल्या आणि एकदम मोठ्याने म्हणाल्या, "डिंकाच्या लाडवांचं काय करायचं ते सिस्टरला विचारा आधी. नायतर तुमी मुरबाडवरून डबा भरून आणाल."

"मी काय आणायची? तुमीच खडीसाखरेचं पोतं रिकामं केलं ना पोरीवर?" विमलबाई म्हणाल्या. वॉर्डातल्या दोन बायका हसल्या. हिराबाई रागावल्या नाहीत. मला वाटतं, तेवढं ऐकून घ्यायचं त्यांनी घरूनच ठरवून आणलं असावं.

दीड महिन्याने जयश्रीची साखर पुन्हा तपासली. उतरली होती. तिला दरवर्षी तपासणीला यायला सांगितलं आहे, कारण पुढे कधीतरी ती कायमची होण्याचा संभव राहतो. ती येते. सासू बरोबर असते.

मी माझ्या प्रश्नांच्या क्रमात एक प्रश्न वाढवला आहे. काय खाता याच्यापाठोपाठ विचारते, अंगाला थंड पडावं म्हणून, ताकद यावी म्हणून, कोणी सांगितलं म्हणून काय घेता? उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

पहिल्या बाळाचं नक्की काय झालं ते आम्हाला आजही माहीत नाही, आणि कळणारही नाही. एवढंच सांगते, जे तपासलं जात नाही त्याचा दोष रिकामा राहत नाही. तो कोणत्या तरी बाईच्या माथी जातो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. तपासायला दोन तास लागतात.